कायझरश्टूलचा उतार आणि वहीतले नऊ दिवस

या ब्लॉगवर मी आत्तापर्यंत लिहिलं ते बहुतेक शाळेच्या सुट्ट्यांबद्दल. कुठल्या तळ्याकाठी मुलं रमतात, कुठे पार्किंग स्वस्त पडतं, कुठे शाकाहारी मिळतं. ही पोस्ट तशी नाही. रस्ता, राहणं, खाणं सगळं सांगणार आहे, कारण दक्षिण जर्मनीतला कायझरश्टूल डोंगर खरंच जाऊन बघावा असा आहे. फक्त आम्ही तिथे सहलीला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवते.

माझे बाबा एकोणसत्तर वर्षांचे आहेत. लातूरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं बॉटनी शिकवलं. मे महिन्यात ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे जर्मनीत वाल्डॉर्फला आले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून ती पुण्यात माझ्या भावाकडे राहिली. बाबांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार गेल्या वर्षात फार वाढला आहे. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग आणि कडेकडेने तेवढं दिसतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की गेलेली नजर परत यायची नाही.

आल्यावर आठवड्याभरातच ते म्हणाले, "मिनू, एकदा तो उतार बघायचाय. अजून थोडं दिसतंय तोवर."

तो उतार म्हणजे काय, हे आमच्या घरात सांगावं लागत नसे. अठ्ठावीस वर्षांचे असताना बाबा स्कॉलरशिपवर जर्मनीला आले होते, पीएचडीसाठी. विषय होता एका झुडपाचं परागीभवन. ब्लाझनश्ट्राउख, म्हणजे फुग्याचं झुडूप. मूळचं भूमध्य समुद्राकडचं, आपल्या तुरीच्या कुळातलं. पिवळी फुलं येतात आणि शेंगा कागदी फुग्यासारख्या फुगतात. जर्मनीत ते आपणहून वाढतं ते ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या अशा एखाद्या उबदार डोंगरावरच. बाबांनी तिथे दोन उन्हाळे काढले आणि दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी प्रोफेसरने त्यांना परत पाठवलं. आकडे खोटे लिहिले, असा आरोप ठेवून. बाबा सांगायचे, त्या प्रोफेसरला स्वतःच्या कामावर माझं नाव नको होतं. आणि त्याचं एक वाक्य सांगायचे, "तुमच्याकडे असं चालत असेल, इथे नाही."

त्या एका वाक्यावर मी वाढले. दहावीला, इंजिनिअरिंगला, इथे नोकरीला आले तेव्हा. परदेशी नागरिकांच्या ऑफिसात खिडकीपलीकडची बाई कागद परत सरकवायची तेव्हाही तेच वाक्य माझ्या डोक्यात वाजायचं. मी या देशात चौदा वर्षं काढली ती थोडीफार त्या प्रोफेसरला दाखवून द्यायला, असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून बाबांना न सांगता मी एक गोष्ट केली. त्या विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूटला इमेल लिहिली. दातेनशुट्झमुळे, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या नियमांमुळे, पत्ता देता येत नाही, पण तुमची इमेल पुढे पाठवतो, असं उत्तर आलं. दहा दिवसांनी प्रोफेसरच्या मुलीने मला लिहिलं. वडील एक्क्याण्णव वर्षांचे आहेत, फ्रायबुर्गच्या एका वृद्धाश्रमात असतात, डोकं शाबूत आहे, शनिवारी तीन वाजता कॉफीला या. मी टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, पक्की केली. मला त्या माणसाकडून बाबांसमोर माफी हवी होती.

आम्ही गुरुवारी निघालो. फ्रोनलाइशनाम या ख्रिस्ती सणाची सुट्टी होती आणि शुक्रवार जोडून घेतला. नवरा आणि मुलगा घरी राहिले. लांब वीकएंड असल्यामुळे ए-फाइव्ह हायवेवर नऊनंतर गाड्यांची रांग लागते, म्हणून सकाळी सहालाच गाडी काढली. ओफनबुर्गच्या अलीकडे रस्त्याचं काम होतं, तरी सव्वाआठला आम्ही हायवेवरून उतरलो. वाल्डॉर्फपासून साधारण पावणेदोनशे किलोमीटर. कोणी ट्रेनने जाणार असेल तर फ्रायबुर्गहून लोकल आहे, आणि पेन्सिओनवाले, म्हणजे छोटे घरगुती लॉजवाले, गेस्टकार्ड देतात, त्यावर बस आणि लोकल फुकट. पण खरा डोंगर चढायला गाडी बरी.

कायझरश्टूल हा जुन्या ज्वालामुखीचा डोंगर. वर वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळ्या मातीचे जाड थर, त्यात पायऱ्या कापून लावलेले द्राक्षमळे. दगड तापतात, हवा कोरडी, आणि सरडे पायाशी पळतात. गाडीतून उतरल्यावर बाबांनी श्वास घेतला आणि म्हणाले, "वास तोच आहे." मला कुठलाच वास येत नव्हता.

त्यांचा उतार सापडायला तासभर गेला. एका वाईनच्या कोठारामागून पायवाट जाते एवढं त्यांना आठवत होतं. कोठाराच्या जागी आता कारवाल्यांसाठी वाइन चाखायची काचेची खोली आहे. पायवाट मात्र होती. उताराचा मोठा भाग मळ्यात गेला होता. वरच्या कडेला एक पट्टा तेवढा सुटला होता, त्यात वीस-एक झुडपं. संरक्षित जागा आहे, पायवाट सोडायची नाही अशी पाटी होती. आम्ही वाटेच्या कडेलाच दोन घडीच्या खुर्च्या मांडल्या.

"काय काय आहे, सांग," बाबा म्हणाले.

मी सांगितलं. पिवळी फुलं, मध्ये तांबूस रेघा. खालच्या फांद्यांवर शेंगा धरलेल्या, हिरवट लाल फुगे. बाबांनी हात लांबवून एक फूल बोटांत धरलं. डोळ्यांपेक्षा त्यांची बोटं अजून नीट काम करतात. वरची पाकळी म्हणजे ध्वज, दोन बाजूंना पंख आणि खाली दोन पाकळ्या चिकटून झालेली नाव, हे शाळेत वाटाण्याच्या फुलावर आपण सगळेच शिकलो आहोत. त्यांनी नाव अलगद खाली दाबली. आतून एक बारीक दांडी वर आली, टोकाला दाताच्या ब्रशसारखी केसाळ, आणि त्यांच्या नखावर पिवळी पूड लागली. बोट काढलं तशी नाव परत मिटली.

"हलकी माशी बसली तर हे उघडत नाही," ते म्हणाले. "वजन लागतं. भुंगा बसला की नाव खाली जाते, त्याच्या पोटाला पराग लागतो, तो दुसऱ्या झुडपावर जातो. एकाच झुडपाचा पराग त्याच झुडपाला फारसा चालत नाही. शेंग धरली तरी आत दाणे कमी. म्हणून कोण येतं, किती वेळा येतं, हे मोजायचं. सगळं त्या मोजण्यावर उभं आहे."

ते काम सोपं आहे आणि भयंकर कंटाळवाणं आहे. तीन फांद्यांना दोरा बांधलेला, पंधरा मिनिटं नजर हलवायची नाही, बसलेल्या प्रत्येक माशीची नोंद. मी बघत होते, मीच लिहीत होते. दहा ते एकपर्यंत सात भेटी. एकदा मोठा निळाकाळा भुंगा आला. मला दिसायच्या आधी बाबा म्हणाले, "आला. डाव्या बाजूने." आवाजावरून. मग एक गुबगुबीत माशी फुलाच्या मागच्या बाजूला भोक पाडून मध पिऊन गेली.

"ती लिहू नको," बाबा म्हणाले. "तिने पराग नेला नाही."

मी त्यांना इतकं रमलेलं कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, या माणसाने एक आकडा तरी खोटा लिहिला असेल का.

पेन्सिओन ओबररोटवाइलजवळच्या गावात होतं. दोघांची खोली, नाश्त्यासकट पंचाण्णव युरो. बाल्कनीतून समोर नुसते मळे. मालकीणबाई सत्तरीच्या, बोलक्या. संध्याकाळी गावातल्या एका स्ट्राउस्सेमध्ये जेवलो. द्राक्षमळेवाले वर्षातले काही महिने आपल्या अंगणात बाकं टाकून स्वतःची वाईन आणि साधं जेवण देतात, त्याला स्ट्राउस्से म्हणतात. मी कांद्याचा फ्लामकूखन, म्हणजे पातळ पिझ्झ्यासारखा प्रकार, मागवला, बाबांनी बटाट्याचं सॅलड आणि चीज. दोघांचं मिळून सत्तावीस युरो. कायझरश्टूलला गेलात तर हे चुकवू नका.

तिथे मी बाबांना सांगितलं, शनिवारी फ्रायबुर्गला जायचंय, कोणाकडे ते.

त्यांनी काटा ताटलीत ठेवला. मग विचारलं, "तो आहे अजून?"

"आहे. आणि सगळं आठवतंय म्हणे. तुम्हाला काही बोलायची गरज नाही. मी बोलेन."

"मला आधी विचारायला हवं होतंस, मिनू," एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, घाबरलेत. इतक्या वर्षांनी त्या माणसासमोर जायचं म्हणजे कोणीही घाबरेल.

शुक्रवारी सकाळपासून पाऊस. खालचे मळे दिसत नव्हते इतका. मी म्हटलं, ब्रायझाखला चर्च बघू, किंवा सीमा ओलांडून फ्रान्समध्ये कोलमारला जाऊ, अर्ध्या तासावर आहे. बाबा म्हणाले, उतारावर जायचं.

"पावसात?"

"पावसातही बघायचं असतं. शून्य हाही आकडाच आहे."

पायवाटेच्या तोंडाशी गाडी लावली. काच खाली करून तिथूनच दोन झुडपं दिसत होती. फुलं खाली माना घालून, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मी दर पंधरा मिनिटांनी वहीत शून्य लिहीत होते. थर्मासमधला चहा संपला. दोन तास झाले. आठ शून्यं झाली. नववं लिहिलं तेव्हा बाबा म्हणाले, "किती झाली?"

"नऊ."

"मी अशा दिवशी चौदा लिहिले होते."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "काय चौदा?"

"भेटी. दुपारी दोन ते तीन, चौदा भेटी. त्या दिवशी गारा पडल्या होत्या. सगळ्या मळ्यांचं नुकसान झालं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होता. मी इथे नव्हतोच. मी खोलीत होतो. डोक्यावर पांघरूण घेऊन पडलेलो, गारा पडल्यात हे कळलंच नाही."

पाऊस टपावर वाजत होता. ते समोर बघून बोलत होते, म्हणजे त्यांना काही दिसत नव्हतं अशा दिशेने.

"प्रोफेसर खरं बोलत होता, मिनू. नऊ दिवसांचे आकडे मी टेबलाशी बसून लिहिले. आधीच्या आठवड्यांचे बघून, थोडे कमी, थोडे जास्त. नीट दिसतील असे."

मी विचारलं, का. माझा आवाज फार वर गेला होता.

"तार आली होती. विनू गेल्याची."

विनय माझा मोठा भाऊ. माझ्या जन्माच्या आधी गेला, आठ महिन्यांचा असताना, जुलाब-उलट्यांनी. आमच्या घरात त्याचं नाव वर्षातून एखाद्या वेळी निघे आणि लगेच मिटवलं जाई. बाबा जर्मनीला निघाले तेव्हा आई गरोदर होती. त्यांनी त्याला फक्त एका फोटोत बघितलं होतं. त्याचं जाणं आणि जर्मनीतला तो उन्हाळा एकाच वेळचे होते, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. कोणी दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्याच नव्हत्या.

"परत जायचं तर तिकिटाला पैसे नव्हते, आणि पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं असतं," ते म्हणाले. "कोणाला सांगितलं नाही. खाली वाईनचं कोठार होतं, वर माझी खोली. नऊ दिवस पडून होतो. खाल्लं काय ते आठवत नाही. मग उठलो, आणि वही रिकामी होती. प्रोफेसर दर पंधरा दिवसांनी सोमवारी वही बघायचा."

"त्याला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर म्हणाला असता, मूल गेलं आणि हा इथे बसलाय. असं वाटलं. तेव्हा काय वाटलं ते आता नीट सांगता येत नाही. त्याने विचारलं, ही चौदाची नोंद खरी आहे? मी शपथ घेतली, खरी आहे. मग त्याने पेपरातला फोटो समोर ठेवला."

"आणि ते वाक्य? तुमच्याकडे चालत असेल ते?"

"ते म्हणाला तो. तेही खरं आहे. घरी आलो तेव्हा तेवढंच सांगितलं. ते सांगायला सोपं होतं."

मी गाडीतून उतरले. छत्री मागच्या सीटवर होती, घेतली नाही. वाटेने वरपर्यंत गेले आणि मळ्यांच्या कडेला उभी राहिले. मला राग आला होता. ज्या गोष्टीच्या जोरावर मी इतकी वर्षं ताठ उभी होते ती अर्धीच होती. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर येत होता तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा मुलगा, परक्या गावात कोठाराच्या माडीवर पडलेला, ज्याला कोणाला काही सांगता आलं नाही. दोन्ही एकदम वाटत होतं आणि एकाने दुसरं कमी होत नव्हतं.

भिजून परत आले तेव्हा बाबांनी हीटर लावायला बटणं चाचपली होती, पंखा सुरू झाला होता. मी तो बंद केला.

"उद्याची टेर्मीन रद्द करते," मी म्हटलं.

"नको. जाऊ. पण तूच बोल. माझं जर्मन आता पाव मागण्यापुरतं राहिलंय."

शनिवारी फ्रायबुर्ग. गाव सुंदर आहे, रस्त्यांच्या कडेने पाण्याचे बारीक पाट वाहतात, मुलं त्यात लाकडी होड्या सोडतात. गाडी शहराबाहेर लावून ट्रामने आत जा, शनिवारी आत पार्किंग मिळत नाही. आम्ही यातलं काहीच बघितलं नाही. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ट्राममध्ये माझा दंड धरून उभे होते.

प्रोफेसरची मुलगी दारात भेटली. साठीची, थकलेली बाई. आम्हाला वडिलांच्या खोलीत नेऊन, कॉफी आणि चीजकेक ठेवून, एक तासाने येते म्हणून गेली. प्रोफेसर खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसला होता. कानात मशीन, हात थरथरत होते, नजर स्वच्छ. त्याने बाबांकडे निरखून पाहिलं.

"तुमचे केस गेले," तो म्हणाला.

बाबांना ते कळलं. ते किंचित हसले. मग माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागले, आणि मी एकेक वाक्य जर्मनमध्ये करत गेले. "मी खोटं बोललो होतो. नऊ दिवस मी उतारावर गेलो नव्हतो. आकडे मी खोलीत बसून लिहिले." जर्मन क्रियापदाला स्त्री-पुरुष असा भेद नसतो. ती वाक्यं माझ्या तोंडून निघताना माझीच वाटत होती. त्या माणसासमोर काय काय बोलायचं, हे मी किती वर्षं मनात घोकलं होतं, आणि प्रत्यक्षात बोलत होते ते हे.

"चौदा," प्रोफेसर म्हणाला. "गारांच्या दिवशी. आठवतंय."

मग बाबांनी मुलाचं सांगितलं. तेही मी जर्मनमध्ये सांगितलं.

प्रोफेसरने कप खाली ठेवला. "मला सांगायला हवं होतंत. मी रजा दिली असती."

मी मराठीत सांगितलं. बाबा जर्मनमध्येच म्हणाले, "नसती दिली."

"कदाचित नसती दिली," प्रोफेसर म्हणाला. "मी तुम्हाला आळशी समजलो. विचारलं नाही."

मला राहवलं नाही. मी माझं म्हणून विचारलं, तुमच्याकडे असं चालत असेल, हे तुम्ही म्हणाला होतात का.

"म्हणालो असेन. तेव्हा मी असं बरंच बोलायचो." एवढंच. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही माफी मागायला आलात, की मी मागावी म्हणून?"

हे मी भाषांतर केलं नाही. पण बाबांना समजलं होतं. ते मला म्हणाले, "सांग त्याला, मी मागायला आलोय."

"माझ्याकडे मागून काय उपयोग," प्रोफेसर म्हणाला. "उर्सुलाचं तुम्हाला माहीत नाही का?"

बाबांचा चेहरा बदलला. उर्सुला त्यांच्याबरोबरची दुसरी विद्यार्थिनी. बाबा माश्या मोजायचे आणि ती शेंगा. फांद्यांना जाळीच्या पिशव्या बांधायच्या, आत कोणतीही माशी जाणार नाही अशा. काही फुलांना दुसऱ्या झुडपाचा पराग ब्रशने स्वतः लावायचा आणि नंतर शेंगा, दाणे मोजायचे. दोघांची झुडपं एकच होती. पिशव्यांची निगा दोघं आळीपाळीने ठेवत.

"त्या नऊ दिवसांत ती घरी गेली होती, पिशव्या तुमच्याकडे होत्या," प्रोफेसर म्हणाला. "वाऱ्याने सुटल्या का, फाटल्या का, कोणी बघितलं नव्हतं. पण वहीत सगळं ठीक लिहिलेलं. मग कुठली शेंग कशामुळे धरली, हे कोण सांगणार? मी सगळं फेकून दिलं. तिची दोन वर्षं होती त्यात."

मी हे सांगितलं. बाबांनी विचारलं, "तिला काय सांगितलंत?"

"जे होतं ते."

"मग तिने काय केलं?"

"सोडून दिलं. शाळेत शिक्षिका झाली. मला पुन्हा भेटली नाही. काही वर्षांपूर्वी ती गेल्याचं पेपरात वाचलं."

चाळीस वर्षं बाबांना वाटत होतं, जे काही बुडालं ते त्यांचं एकट्याचं. नर्स गोळ्या घेऊन आली. प्रोफेसर दमला होता, तसं म्हणालाही. आम्ही उठलो. त्याने हात पुढे केला, बाबांनी तो दोन्ही हातांत धरला.

"मुलाचं नाव काय होतं?" प्रोफेसरने विचारलं.

"विनय," बाबा म्हणाले.

"फिनाय," प्रोफेसर म्हणाला. बाबांनी ते सुधारलं नाही.

ट्रामच्या थांब्यावर बाबा बाकावर बसले. तीन ट्राम गेल्या. मग म्हणाले, "दुपारच्या डब्यातलं अर्धं मला द्यायची ती. मला स्वयंपाक येत नव्हता." मी शेजारी बसून राहिले.

रविवारी ऊन पडलं. मालकीणबाईंनी नाश्त्याला चेरीचा जाम दिला आणि विचारलं, "मग, झालं का काम तुमचं?" बाबा जर्मनमध्ये म्हणाले, "हो. झालं." उतारावर परत जायचं का, मी विचारलं. ते नको म्हणाले. गावाबाहेर एका टपरीवर चेरी सहा युरो किलो होत्या, दोन किलो घेतल्या. ए-फाइव्हवर सगळ्या सुट्टीवाल्यांची परतीची गर्दी. कार्ल्सरूहजवळ पाऊण तास गाडी जागची हलली नाही. बाबा डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते. घरी आल्यावर माझ्या मुलाने दारातच विचारलं, "आजोबा, हास्ट डू बीनन गेझेन?" मधमाश्या दिसल्या का, म्हणून. बाबा म्हणाले, "सात."

कायझरश्टूलला कधी जावं असं कोणी विचारलं तर मी म्हणेन, जूनमध्ये, सकाळी लवकर, पाण्याची बाटली घेऊन. झुडपांना फुलं आणि शेंगा दोन्ही असतात. मी मात्र इतक्यात जाणार नाही. आल्यापासून मी दोनदा ऑफिसात कोणावर तरी चिडले आणि अर्ध्यातच थांबले, कारण ज्या रागाची मला सवय होती तो पूर्वीसारखा लागत नाही. त्या माणसाने बाबांना जे म्हटलं ते आजही चूकच आहे. बाबांनी जे केलं तेही. आणि कुठल्याशा शाळेत मुलांना शिकवून एक बाई निघून गेली, तिच्याकडे कोणीच गेलं नाही. तिचं आडनाव बाबांना आठवतं. तिचं कोणी मागे आहे का, हे मी शोधतेय. सापडलं तरी काय लिहायचं, ते ठरलेलं नाही.

हे सगळं ब्लॉगवर लिहू का, हे बाबांना मी विमानतळावर विचारलं. ते म्हणाले, "आधी तुझ्या आईला सांगू दे."

बाबा ऑगस्टमध्ये भारतात परतले. पंधरा दिवसांनी, एका शनिवारी सकाळी, आईचा फोन आला. आई सहसा व्हिडिओ लावते, त्या दिवशी नुसता फोन होता.

"यांनी सांगितलं मला," ती म्हणाली. "सगळं."

मी म्हटलं, "आई, त्यांच्यावर चिडू नकोस." का म्हटलं कोण जाणे. माझंच मन अजून निवळलेलं नव्हतं.

"पीएचडीचं मला काय करायचंय," ती म्हणाली. "विनू गेला तेव्हा यांचं पत्र आलं होतं. दोन ओळींचं. काळजी घे, इकडे काम चालू आहे. मी ते जाळलं. परत आल्यावर यांनी कधी त्याचं नाव काढलं नाही, मीही नाही. आणि आता सांगतात, नऊ दिवस उठलो नव्हतो."

मागे कुठेतरी भावाच्या घरातला मिक्सर सुरू होऊन बंद झाला.

"चाळीस वर्षं मी हेच धरून बसले होते, मिनू, की माझं बाळ गेलं तेव्हा हे तिकडे फुलं मोजत होते."